गच्चीवर औषधी झाडं लावायची तर आधी चारच लावा

परभणीच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे. घराला दोनशे चौरस फुटांची उघडी गच्ची, पाणी बोअरचं. घरात बासष्ट वर्षांच्या सासूबाई, त्यांना शुगर आणि बीपी दोन्हींच्या गोळ्या चालू, आणि तीन वर्षांचा मुलगा. ‘घरात हव्यातच अशा पंचवीस औषधी वनस्पती’ अशी यादी वाचून त्यांनी मार्चमध्ये नर्सरीतून एकदम अकरा रोपं आणली. मृग लागेपर्यंत सात मेली, कढीपत्ता पिवळा पडला. कोणती झाडं लावू, ती जगवू कशी, या विषयाचं शिक्षण घरबसल्या कसं घेऊ आणि सासूबाईंना रोज गुळवेलीचा काढा हवा आहे तो द्यावा का, असे त्यांचे प्रश्न. सोबत कुंड्यांचे फोटो.

ताई, ‘माझ्या हाताला झाडच लागत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून वाईट वाटलं. फोटो नीट पाहिले. कुंड्यांच्या काठांवर पांढरी पुटं चढली आहेत, माती वरून थापल्यासारखी बसली आहे आणि कडेने कुंडी सोडून भेगाळली आहे. दोष हाताचा नाही, पाण्याचा आणि मातीचा आहे, आणि दोन्ही सुधारता येतात. मी अंबाजोगाईला सव्वीस वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. दवाखान्याच्या वरच्या गच्चीत आज साठेक प्रकारची झाडं आहेत, पण पहिल्या तीन उन्हाळ्यांत माझीही निम्मी बाग गेली होती. कारण तेच होतं.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात चुना भरपूर असतो. घागरीच्या बुडाला, हिटरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच कुंडीत धरतो. शेतात पावसाळ्यात हे क्षार निदान खाली धुऊन जातात, कुंडीत ते जागच्या जागी साठत राहतात. त्यात आपली काळी माती मुळातच चुनखडीची. खात्री करायची तर रानातलं एक सुकं ढेकूळ घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. कान जवळ नेला की बारीक फसफस ऐकू येते. अशा मातीत लोह असतं, पण झाडाच्या मुळांना ते उचलता येत नाही. मग कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. तुमच्या कढीपत्त्याचं नेमकं हेच झालंय. त्याला खताची भूक नाही, त्यामुळे आणखी शेणखत घालून तो हिरवा होणार नाही. खतांच्या दुकानात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट हा लोहाचा क्षार, मिळते. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस आणि अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. फवारल्यावर आठ-दहा दिवस ती पानं फोडणीला घेऊ नका, नंतरही धुऊनच घ्या.

खरा इलाज पावसाचं पाणी. दहा मिलिमीटर पाऊस पडला तर तुमच्या गच्चीवर एकशे पंच्याऐंशी लिटरच्या आसपास पाणी पडतं, म्हणजे जवळजवळ एक निळा ड्रम. पहिल्या पावसाचं पाणी धूळ-घाण घेऊन जाऊ द्या, नंतरचं झाकण असलेल्या ड्रममध्ये धरा. पावसाळ्यात कुंड्या आडोशाला ओढू नका, चांगल्या भिजू द्या. बुडाचं भोक मोकळं असेल तर साचलेला क्षार त्या वाटेने निघून जातो. एसीचं टपकणारं पाणी झाडांना चालतं, त्यात क्षार नसतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र घालू नका. बरेच जण पाणी वाचवायचं म्हणून ते कुंड्यांना घालतात, पण मशीनने पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच्यात एकवटलेले असतात. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आलं, त्या वर्षी आमच्याकडेही घागरी मोजून पाणी वापरलं जायचं. तेव्हा भाजी धुतलेलं, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी गाळून झाडांना घालायचो. बाग त्या पाण्यावर तगली.

माती बदला. नुसती काळी माती कुंडीत कधीच भरू नये. ओली झाली की फुगते, वाळली की आवळते, आणि त्या ओढाताणीत बारीक मुळं तुटतात. एक घमेलं काळी माती, एक घमेलं चाळलेला मुरूम, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, हे माझं वर्षानुवर्षांचं प्रमाण आहे. मुरूम नसेल तर जाड वाळू. ओलं मिश्रण भरलेली वीस लिटरची बादली तीस किलोच्या पुढे भरते, म्हणून बादल्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या भिंतीच्या रेषेत ठेवा.

मेलेल्या सात रोपांचं आणखी एक कारण म्हणजे महिना. मार्चमध्ये आणलेल्या रोपाला मूळ धरायला दिवसच मिळत नाहीत. परभणीचा पारा मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, सिमेंटचा स्लॅब त्याहून जास्त तापतो आणि काळ्या पिशवीतली मुळं अक्षरशः शिजतात. रोपं मृगात लावा. होळीपासून मृगापर्यंत पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा, कुंड्या विटांवर उचलून ठेवा, एकमेकींना चिकटवून ठेवा आणि मातीवर सोयाबीनचं भुसकट बोटभर पसरा. सोयाबीन झाल्यावर हे भुसकट आपल्याकडे कुठल्याही गावात मिळतं. पाणी सकाळी लवकर घाला.

आता झाडं कोणती. पंचवीस नकोत, अकराही नकोत. पहिल्या वर्षी चार लावा: तुळस, अडुळसा, गवती चहा आणि कोरफड. हे ऐकून लोक नाराज होतात, ‘ही तर सगळ्यांकडे असतात’ म्हणतात. असतात, पण त्यांना ती माहीत नसतात. अडुळशाला फूल कोणत्या महिन्यात येतं, तुळशीचं बी किती दिवसांत उगवतं, कोरफडीच्या पानातून पहिल्यांदा काय निघतं, हे विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतात. औषधी झाड लावायचं ते बीपासून बीपर्यंत ओळखण्यासाठी. त्याची ओळख पटली नसेल तर त्याचं पान पोटात घ्यायचा आपल्याला अधिकार नाही, इतकं माझं मत ठाम आहे.

चौघांतला माझा लाडका अडुळसा. मराठवाड्याच्या उन्हाला, चुन्याला, दुर्लक्षाला, सगळ्याला पुरून उरतो. पानं इतकी कडू की शेळी तोंड लावत नाही, म्हणून जुन्या लोकांनी तो बांधावर कुंपणाला लावला. मृगाचा पाऊस झाला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची काडी तोडा आणि दोन डोळे मातीत जातील अशी तिरकी खोचा. महिना-दीड महिन्यात मूळ धरते. थंडीत पांढरी फुलं येतात. एक फूल तोडून जवळून पाहा. जबडा उघडल्यासारखे दोन ओठ दिसतील, खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात आणि देठाशी गोडसर थेंब असतो. लेकराला तो दाखवा, आमच्या लहानपणी आम्ही तो चोखायचो. खोकल्यासाठी सगळ्यांनी घेतलेलं ब्रोमहेक्झिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरून बेतलेलं आहे, म्हणजे आजीचा काढा आणि मेडिकलमधलं सिरप यांचं नातं जवळचं आहे. पण अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदर बाईला तो देऊ नये. ‘घरगुती आहे, काही होत नाही’ हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा अडुळशाच्या बाबतीतच खोडून काढलं आहे.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहिलात तर झाड दोन-तीन वर्षं टिकतं, बी धरू दिलं तर लवकर म्हातारं होतं. एका फांदीवरच्या मंजिऱ्या मात्र वाळू द्या, चोळून बी काढा आणि मातीच्या वरच टाका, पुरू नका. साधारण आठ-दहा दिवसांत उगवतं. त्यासोबत सब्जाचं बी टाकलंत तर दोन्हींची पानं, वास, बी शेजारी-शेजारी ताडून पाहता येतील. दोन्ही एकाच कुळातली, पण तुळशीचं बी पाण्यात टाकलं आणि सब्जाचं टाकलं की फुगण्यातला फरक लगेच डोळ्यांना दिसतो.

गवती चहा पसरट, खोल भांड्यात लावा. पान चोळलं की लिंबाचा वास आलाच पाहिजे, कारण आपल्या डोंगरांत त्याच्यासारखं दिसणारं रोशा गवत उगवतं आणि त्याचा वास वेगळा असतो, गुलाबाकडे झुकणारा. जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, दोन-तीन वर्षांनी गड्डा फोडून पुन्हा लावा. कोरफडीला पाणी कमी, मुरूम जास्त. तिचं पान कापलं की लगेच गर काढू नका. कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं वाटीत उभं ठेवा, पिवळा कडू चीक ओघळून जाईल. तो जालीम रेचक असतो. गर तेवढा वापरायचा, तोही त्वचेला आणि केसांनाच, असं मी घरच्यांना सांगते.

जागा उरलीच तर पानओवा लावा. त्याची फांदी नुसती खोचली तरी लागते आणि पावसाळ्यात भजी होतात. फक्त मसाल्याच्या डब्यातला ओवा या झाडाचा नाही, ते झाड वेगळंच आहे.

आता गुळवेल. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तुमच्या प्रश्नातली हीच गोष्ट मला काळजीची वाटली.

गुळवेल उत्तम औषधी आहे, मी स्वतः ती रुग्णांना देते. आपल्याकडे कडुलिंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ मानतात. पण कोरोनाच्या काळात घरोघर लोकांनी मनानेच महिनोन्‌महिने काढे प्यायले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर मोठा वाद झाला. २०२२ च्या फेब्रुवारीत आयुष मंत्रालयाने खुलासा केला की खरी गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक जात अपायकारक असू शकते. आयुर्वेदाची असूनही मला या दोन्ही बाजूंमधलं खरं घ्यावंसं वाटतं. वेल चुकली तर धोका आहेच. आणि वेल बरोबर असली तरी ज्यांना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार आहेत, ज्यांच्या यकृतात आधीच बिघाड आहे, त्यांना ती मनाने देऊ नये.

त्याच सुमारास माझ्याकडे एक बाई आल्या, डोळे पिवळे, अन्न बघवेना. रस्त्याकडेच्या झाडावरून नवऱ्याने वेल तोडून आणला होता, अडीच महिने रोज सकाळी त्याचा काढा चालू होता. मी म्हटलं, ‘वेल घेऊन या.’ संध्याकाळी त्यांचा मुलगा पिशवीत हातभर तुकडा घेऊन आला. खोडावर तोंडावरच्या मुरमांसारख्या उंच गाठी उठल्या होत्या, रंग करडा, आणि मोडल्यावर दुधट चीक आला. ती आपली गुळवेल नव्हती. मी त्यांना लगेच रक्त तपासायला आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं, काढा बंद झाला आणि दोन महिन्यांत त्या सावरल्या. त्या वेलाचा तुकडा मी वर्तमानपत्रात दाबून ठेवला आहे, शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते.

खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट, त्यावर कागदासारखी पातळ साल. नखाने ती साल सोलली की खाली हिरवंगार दिसतं. खोडावर बारीक ठिपके असतात, पण उंच गाठी नसतात, आणि मोडल्यावर दुधट चीक येत नाही. आडवं कापलं तर बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. पान पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, फांद्यांवरून दोऱ्यासारखी लांब मुळं खाली लोंबतात. फळं लाल, गोल, तिनाच्या घोसात. दुसऱ्या जातीची फळं लांबट आणि नारिंगी. ही सगळी चिन्हं एका फोटोत कधीच सापडत नाहीत, म्हणून फोटोवरून ‘हो, हीच गुळवेल’ असं मी कुणालाही सांगत नाही.

तुमच्या सासूबाईंना काढा द्यावा का? आत्ता देऊ नका. गुळवेलीने साखर उतरू शकते. त्यांच्या गोळ्या चालूच आहेत. दोन्ही मिळून साखर एकदम खाली गेली तर घाम, थरथर, भोवळ येते, आणि बासष्टाव्या वर्षी पडून खुब्याचं हाड मोडणं ही लहान गोष्ट नाही. त्यांना नाही म्हणून दुखवू नका. ‘आई, आपण वैद्यांना आणि तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना, दोघांनाही विचारू आणि मग घेऊ’ असं म्हणा, आणि खरंच विचारा. गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. शुगरसाठी नर्सरीत ‘इन्सुलिनचं झाड’ म्हणून एक रोप विकतात, त्याच्या पानात इन्सुलिन नसतं. असतं तरी पोटात गेल्यावर ते पचून गेलं असतं, म्हणून तर इन्सुलिन सुईने घ्यावं लागतं. त्या पानांवर विसंबून गोळी बंद केलेले रुग्ण मी पाहिले आहेत. बीपी असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. घसा बसला म्हणून आपण जेष्ठमधाची काडी तोंडात धरतो, ती रोज चघळली तर बीपी वाढतं.

लेकरासाठी एक-दोन गोष्टी. तुमच्याकडे बाळगुटीतला वेखंड अजून उगाळून देत असतील तर थांबवा. वेखंडात बीटा-असारोन नावाचा घटक असतो, प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो घातक ठरला आहे. आमच्या घरीही पिढ्यान्‌पिढ्या वेढे मोजून वेखंड उगाळला जायचा, मी माझ्या मुलांना दिला नाही. आणि गच्चीत किंवा अंगणात कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, गुंज, एरंड यांपैकी काही असेल तर लेकरू मोठं होईपर्यंत काढून टाका. गुंजेची बी लाल-काळी, मण्यासारखी, मुलांच्या हाताला लगेच लागते. अख्खी गिळली तर कधी कधी तशीच बाहेर पडते, पण चावली तर जिवावर बेतू शकतं. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळेतली मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात येतात, हे आपल्या भागात पुन्हा पुन्हा घडतं. तुम्ही शिक्षिका आहात, हे एवढं वर्गात नक्की सांगा.

शिकायचं कसं, या प्रश्नाने मला फार आनंद झाला. बहुतेक लोक ‘कोणत्या रोगाला काय’ एवढंच विचारतात.

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक झाडाला दहा पानं द्या. कधी लावलं, पहिलं पान, पहिली कळी, फूल, बी, कोणती कीड आली, कोणत्या पाण्याने काय झालं, हे तारखेसह लिहा. फुलासकट एक फांदी जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर जड वह्यांचा ढीग ठेवा. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला, नाहीतर बुरशी धरते. आठ-दहा दिवसांत फांदी वाळली की जाड कागदावर दोऱ्याने टाचा आणि खाली नाव, जागा, तारीख लिहा. मराठी नाव लिहाच, पण शास्त्रीय नावही लिहा. ते का हवं, ते माझ्याच चुकीवरून सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी मी एका नर्सरीतून ब्राह्मीचं रोप आणलं, वाढवलं, त्याचं तेल करून दिलं. दोन वर्षांनी आमचे जुने सर घरी आले आणि कुंडीजवळ वाकून म्हणाले, ‘ही मंडूकपर्णी आहे.’ मंडूकपर्णीचं पान गोल, बेडकाच्या पायासारखं, लांब देठाचं. खरी ब्राह्मी म्हणजे जलब्राह्मी, तिची पानं लहान, जाडसर, लांबट, आणि ती पाण्याच्या कडेला पसरते. महाराष्ट्रात दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकल्या जातात. कुणाला अपाय झाला नाही, पण दोन वर्षं मी चुकीचं नाव सांगत होते. पाषाणभेद म्हणून तर तीन-चार अगदी वेगळ्या झाडांना हाक मारतात, आणि त्यातली पानफुटी लोक मुतखड्यावर सर्रास चावून खातात. शंखपुष्पीचंही तसंच.

दुसरी शाळा पावसाळ्यात तुमच्या घराभोवती आपोआप भरते. तण उपटण्याआधी ओळखा. आघाडा, टाकळा, माका, भुईआवळा, पाथरी, घोळ, कंबरमोडी. कंबरमोडीला कुठे एकदांडी म्हणतात, कुठे दगडीपाला. रानात खुरपं लागलं की आमची आजी तिचा पाला तळहातावर चोळून रस जखमेवर पिळायची. ‘माय, झोंबतंय’ म्हटलं की म्हणायची, ‘झोंबू दे, रगत थांबतंय बघ.’ ही वनस्पती मूळची अमेरिकेतली, तरी आपल्या आज्यांनी ती आपलीशी केली. आज मात्र जखम स्वच्छ पाण्याने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, पाल्यावर थांबायचं नाही.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की औषधी वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या-गुरं राखणारे आणि वनात राहणारे. त्यामुळे गावी गेलात की मेंढपाळ भेटेल, गुरं वळणारी म्हातारी भेटेल, त्यांच्यासोबत अर्धा तास चाला. त्यांनी सांगितलेलं नाव वहीत लिहून घ्या आणि घरी येऊन पुस्तकातल्या नावाशी ताडून पाहा. उपयोग कोणता सांगतात तेही लिहा, पण करून पाहू नका.

परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुमच्या दारात आहे, १९७२ पासूनचं. माती-पाणी तपासून घ्यायला तिथेच जा, अंदाजाने हिराकस घालत बसण्यापेक्षा एकदा आकडे हातात येतील. नांदेडच्या आणि धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांत वनौषधींची बाग असते. परवानगी काढून सुट्टीच्या दिवशी, शक्यतो पावसाळा संपताना जा, तेव्हा बरीच झाडं फुलावर असतात. आणि खोलात शिरायचं झालं तर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या प्रा. वि. ना. नाईक यांनी १९९८ मध्ये मराठवाड्यातल्या वनस्पतींवर दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला आहे, तो महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत पाहायला मिळतो. सुरुवातीला जड जाईल, पण वहीतलं एखादं झाड त्यात सापडलं की मजा येते.

दुसऱ्या वर्षी गुडमार लावा. वेल आहे, जाळीवर चढवा. तिचं एक पान मिनिटभर चावा, चोथा थुंका, मग चिमूटभर साखर जिभेवर ठेवा. साखर वाळूसारखी लागते, गोडी पार नाहीशी. अर्ध्या तासाने जीभ पूर्ववत होते. मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हेच करायला लावते. वनस्पतीत खरोखर काहीतरी असतं, ते शरीरावर काम करतं, हे त्यांना एकदम कळतं, आणि मग ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून जातं. शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना मात्र ही वेल औषध म्हणून देऊ नका. आणि अश्वगंधा, सर्पगंधा, कळलावी, बचनाग हे घरी औषध करायचं काम नाही. अश्वगंधा बागेत लावायला हरकत नाही, लालसर फळांवरचा कागदी फुगा बघायला सुंदर दिसतो. सर्पगंधेतून रक्तदाबावरचं रेसरपिन काढलं गेलं, १९५२ साली. इतकं ते मूळ जबरदस्त आहे.

वाळवण्याबद्दल थोडक्यात. पानं सकाळी दव सुकल्यावर तोडा, सावलीत सुती कापडावर पसरा, बोटांत कुस्करली की चुरा झाली पाहिजे. वाकत असतील तर बरणीत भरू नका, बुरशी येईल. बरणीवर नाव आणि तारीख, आणि वर्ष झालं की खतात. मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण आला तर साबणाच्या पाण्याने धुवा, रासायनिक फवारणी या झाडांवर करूच नका.

तुमच्या तिसऱ्या फोटोत कढीपत्त्याच्या कुंडीच्या कोपऱ्यात एक पसरट तण दिसतंय, तुम्ही खाली ‘हे गवत काढायचं राहिलं’ असं लिहिलंय. ते काढू नका. मला ती घेटुळी, म्हणजे पुनर्नवा असेल असं वाटतंय, पण फोटोवरून मी नाव देणार नाही. समोरासमोरची दोन पानं लहान-मोठी आहेत का आणि पानाची मागची बाजू पांढरट आहे का, ते पाहा. फूल यायची वाट पाहा. टाचणीच्या डोक्याएवढी गुलाबी फुलं लांब देठांवर झुबक्याने आली आणि बी चिकट होऊन साडीच्या काठाला लागू लागलं तर ती घेटुळी. पान मांसल निघालं आणि फूल एकेकटं पानाच्या बेचक्यातच बसलेलं असलं तर ते दुसरं तण. जे दिसेल ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा आणि मला कळवा.